शुक्रवारचा नवा माल: हेवी आणि प्रायोगिक संगीत ऐकायला सुरुवात करताना

जगभरातले नवे अल्बम शुक्रवारी येतात. १० जुलै २०१५ पासून बहुतेक रेकॉर्ड कंपन्यांनी हाच वार धरला आहे. त्याआधी ब्रिटनचा सोमवार आणि अमेरिकेचा मंगळवार होता. मेटल, ड्रोन (एकेक स्वर लांब धरून ठेवणारं), नॉइज (नुसत्या गोंगाटातून घडवलेलं), इंडस्ट्रियल (यंत्रासारख्या ठोक्यांचं) या गल्लीत एकेका शुक्रवारी एवढं येतं, की सगळं ऐकायचं म्हटलं तर नोकरी सोडावी लागेल. नवा माणूस फसतो तो इथेच. चाळीस बँडची नावं लिहून घेतो, प्रत्येकाचं अर्धं मिनिट ऐकतो आणि महिन्याभरात "सगळं सारखंच वाटतंय" म्हणून नाद सोडतो.

म्हणून कोल्हापूरच्या नव्या श्रोत्यासाठी लिहिलेलं पुढचं सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: आठवड्याला एक नवा अल्बम, पण तो पुरता. त्यासाठी काय घ्यायचं, कुठून सुरू करायचं, पैसे कसे द्यायचे आणि कुठे काय बिघडतं, ते क्रमानं बघू.

पहिली पायरी: कानात काय घालायचं

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून मत बनवू नका. साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. मेटलवाले ती आणखी उतरवतात. आठ तारांच्या गिटारची खालची तार ४६ हर्ट्झच्या आसपास असते, पाच तारांच्या बेसची ३१ च्या. फोनचा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका. मग हाती राहते ती वरची करकर, आणि ऐकणारा म्हणतो की नुसता गोंगाट आहे. त्यानं ऐकलेला खरोखर गोंगाटच असतो, कारण संगीताचा निम्मा भाग त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

सुरुवातीला वायरवाले इन-इअर घ्या. दोन हजारांच्या आसपास मूनड्रॉप चू किंवा सेव्हन हर्ट्झ झीरो यांसारखी जोडी येते आणि वर्ष-दोन वर्षं दुसरं काही लागत नाही. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सी डोंगल लागेल. इथे एक खोच आहे: ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मुद्दाम दाबल्यासारखा बारीक आवाज देतो. इअरफोन खराब निघाला म्हणून परत करण्याआधी डोंगल बदलून बघा.

पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे इअरफोनच्या तोंडावरची रबरी टिप कानात घट्ट बसणं. टिप सैल असली की बास गळून जातो, मग इअरफोन वीस हजारांचा का असेना. डब्यात तीन मापांच्या टिप येतात. दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात, त्यात वावगं काही नाही. तपासायचं असं: यूट्यूबवर ४० हर्ट्झचा टोन शोधा, आवाज निम्म्यावर ठेवून लावा आणि इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर घुमारा वाढला तर टिप लहान आहे. वाढला नाही तर माप बरोबर. एकाच कानात आवाज बारीक येऊ लागला तर बहुतेक वेळा नळीच्या तोंडावरच्या जाळीत मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून साफ करा. टाचणी घालू नका, जाळी फाटते.

ब्लूटूथ चालेल. फरक पडतो तो झांजांत: सतत वाजणाऱ्या झांजा स्वस्त ब्लूटूथवर एकमेकींत मिसळून वाळू घासल्यासारख्या ऐकू येतात, आणि ब्लॅक मेटल या वेगवान, किंचाळत्या प्रकारात झांजा कधी थांबतच नाहीत. घरचे स्पीकर वापरणार असाल तर सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यातल्या दोन भिंती बास फुगवतात आणि सगळे रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) एकाच सुरात घुमतात. दीड-दोन फूट बाहेर ओढा, गाठ पुरेशी सुटते.

आता आवाज किती ठेवायचा. कोल्हापूरकराला डॉल्बीची सवय असते, आणि तीच आडवी येते. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी घातलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचून आल्यावर कान बधिर असतात, शिट्टी वाजत असते. ते पूर्ण ओसरेपर्यंत इअरफोनला हात लावू नका, आणि त्या कानांनी नव्या अल्बमवर शेरा तर मुळीच मारू नका. आणखी एक: आवाज वाढवून अल्बम जड होत नाही. जडपणा येतो तो खालच्या सुरांतून, मंद गतीतून आणि शांत जागेनंतर येणाऱ्या धक्क्यातून. शांत जागाच जर मोठ्यानं ऐकली तर धक्का बसणार कुठून?

दुसरी पायरी: ॲपमधली बटणं

पाच मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं. क्रॉसफेड बंद, ऑटोमिक्स बंद, शफल बंद, इक्वलायझर आणि बास बूस्ट बंद; गॅपलेस प्लेबॅक चालू. या प्रकारात एक गाणं संपतं तिथेच दुसरं सुरू झालेलं असतं. गॅपलेस नसेल तर मधोमध टचकन तुटतं, क्रॉसफेड असेल तर दोन गाण्यांचा काला होतो. आवाज एकसारखा करणारं नॉर्मलायझेशन वेगवेगळ्या अल्बमची गाणी मिसळून ऐकताना ठेवा. एकच अल्बम सलग ऐकताना काढून टाका. गाणी मोबाइल डेटावर ऐकत असाल तर दर्जा आपोआप खाली जाऊ न देता एका जागी बांधून ठेवा. वाय-फायवर आधी डाउनलोड करून घेतलेलं सगळ्यात बरं.

तिसरी पायरी: कुठल्या दारानं आत शिरायचं

सगळ्यांना एकच यादी देण्यात अर्थ नाही. तुम्ही आज काय ऐकता, त्यावर दार ठरतं.

ख्याल ऐकणाऱ्यासाठी सगळ्यात जवळचं दार ड्रोनचं आहे, आणि हे कोल्हापुरात फारसं कुणी सांगत नाही. तंबोऱ्याचा सतत स्वर आणि त्यातून उमटणारे वरचे स्वर ज्याला कळतात, त्याला अर्थ या अमेरिकन बँडचा १९९३ चा 'अर्थ टू' कळायला वेळ लागत नाही. तीन तुकडे, मिळून सव्वा तासाच्या आतबाहेर, ढोल-ताशा जवळपास नाही, गाणं नाही; गिटार आणि बेस एकेक स्वर धरून बसतात. सन हा बँड त्याच वाटेनं पुढे गेला. नाव लिहिताना पुढे ओ आणि तीन कंस येतात, ते उच्चारायचे नसतात. त्यांचा २०१९ चा 'लाइफ मेटल' रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीनं टेपवर रेकॉर्ड केला आहे, आणि ॲम्प्लिफायरसमोरची हवा हलताना ऐकू यावी इतकं ते रेकॉर्डिंग साफ आहे. सनपासून सुरुवात करायची तर तिथूनच करा.

या वाटेचा एक धागा खुद्द कोल्हापुरातून जातो. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ लहानपणी कोल्हापुरात हैदर बक्ष खाँ यांच्याकडे शिकायला होते. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले, आणि तिथे ला माँट यंग व टेरी रायली या अमेरिकन संगीतकारांनी त्यांचा गंडा बांधला. यंग त्याआधीच लांब स्वरांकडे वळलेला होता, पण पुढची घडण प्राणनाथांच्या हाताखाली झाली. अर्थचा डिलन कार्लसन यंगचं ऋण उघड मानतो. तेव्हा देवल क्लबात शास्त्रीय गाणं ऐकत बसणाऱ्या माणसाला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही. परकं आहे ते फक्त डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज.

ऐकायचं कसं? ॲम्प्लिफायर फाटल्यासारखा वाजतो तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही जोरात उमटतात. कान त्या वरच्या स्वरांकडे न्या. खाली काहीच हललेलं नसतं तेव्हा वर हळूहळू काहीतरी सरकत असतं. डोक्यावरचा पंखा बंद करा. पंख्याची घरघर नेमकी याच थराला झाकते.

तबला किंवा लयीची आवड असेल तर स्वीडनचा मेशुगा हा बँड. वरवर वेडंवाकडं वाटतं, हिशेब मात्र चोख आहे. ड्रमरचा उजवा हात झांजेवर बहुतेक वेळा सरळ चारचा ठेका धरून असतो, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) ठरल्या जागी पडतो. गिटार आणि पायातले ड्रम मात्र वेगळ्या लांबीचं आवर्तन फिरवत असतात आणि काही मात्रांनी समेवर येऊन मिळतात. गिटारच्या मागे लागलात तर हरवाल. झांज धरा, हातानं चार मोजत राहा, आणि गिटार कधी परत येते ते बघा. २००८ च्या 'ऑबझेन'वर हा खेळ सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो.

मेटालिका, आयर्न मेडन ऐकून आलेल्यांनी वेग वाढवण्याऐवजी कमी करावा. मुळं तिथेच आहेत. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. बँड बर्मिंगहॅमचा, म्हणजे कारखान्यांच्या गावचा. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हातच जायबंदी झाला. प्लास्टिकच्या टोप्या चढवून त्यानं वाजवणं चालू ठेवलं, तारा बारीक घेतल्या, पुढे त्या सैल केल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांत दीड स्वर उतरवल्या. तो उतरलेला, लोंबणारा आवाज म्हणजे आजच्या डूम आणि स्लज या मंद मेटल प्रकारांचा पाया. उद्यमनगरात लेथ आणि प्रेसच्या आवाजात वाढलेल्याला या आवाजाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. इथून पुढे मुंबईचा डर्ज हा बँड घ्या, २०१८ चा 'आह पुच' हा अल्बम. शोधताना सांभाळा: याच नावाचा एक फ्रेंच बँडही होता, आणि ॲप दोघांची गाणी एकाच पानावर ओतून ठेवतात. त्यानंतर सुमॅक या बँडचा २०२४ चा 'द हीलर': चार गाणी, ७६ मिनिटं. त्यात रिफ तुटत जातात, तिघेही वाजवता वाजवता वाट शोधतात, आणि मग अचानक सगळे एका ठोक्यावर येतात.

टेक्नो किंवा डॉल्बीवरचा बास आवडत असेल तर गॉडफ्लेश हा बँड. १९८९ चा 'स्ट्रीटक्लीनर', तोही बर्मिंगहॅमचाच. ड्रमर नाही, ड्रम मशीन आहे. नव्या बँडमध्ये द बॉडी.

नॉइज सगळ्यात शेवटी. मर्झबाव, म्हणजे जपानचा मासामी आकिता, याच्या १९९६ च्या 'पल्स डेमन'पासून सुरुवात करायला सांगणारे पैज लावण्यासाठी सांगतात. ड्रोन पचल्यावर दहा मिनिटं ऐका, डावा-उजवा कान वेगळा धरून. थर किती आहेत, कुठला थर वेगानं बदलतो, एवढंच बघा. नाही रुचलं तर सोडून द्या, तुमच्या कानात काही खोट नाही.

आणि या सगळ्यांआधी एकच सरावाचा अल्बम हवा असेल तर ब्लड इन्कँटेशन या बँडचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर', ४ ऑक्टोबर २०२४. दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या. भरधाव डेथ मेटल चालू असताना मधेच संथ सिंथेसायझरचा पट्टा येतो, त्यामुळे नव्या कानाला दर काही मिनिटांनी टेकायला जागा मिळते. हेवी आणि प्रायोगिक हे एकाच ताटात कसं बसतं ते यातून चटकन कळतं.

चौथी पायरी: शुक्रवार

गुरुवारी रात्री पंधरा मिनिटं. बँडकँप या संगीत ऐकायच्या आणि विकत घ्यायच्या साइटवर तीन-चार लेबलं (रेकॉर्ड कंपन्या) आणि पाच-सहा बँड फॉलो करून ठेवा; नवं काही आलं की मेल येतो. बँडपेक्षा लेबल फॉलो केलेलं बरं, कारण एका लेबलची आवड साधारण एकसारखी असते आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत असे बँड तिथून हाती लागतात. मुंबईतून चालणारं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे डेथ मेटलचं लेबल जगभरचे बँड काढतं आणि वेळोवेळी मोठे सॅम्पलर (वेगवेगळ्या बँडच्या गाण्यांचे संग्रह) हव्या त्या किमतीला ठेवतं. एक सॅम्पलर उतरवून घेतलात तर दोन महिन्यांचा शोध वाचतो.

टॅग वाचायला शिका. 'डूम' म्हणजे मंद. 'स्लज' म्हणजे मंद आणि चिखलासारखा घाण आवाज, ओरडणं जास्त. 'डिसोनंट' म्हणजे मुद्दाम बेसूर जुळणी. 'पॉवर इलेक्ट्रॉनिक्स' म्हणजे नॉइजवर किंचाळणं. 'पोस्ट' काहीही असू शकतं, पण बहुधा लांब आणि चढत जाणारं. शोध इंग्रजी स्पेलिंगनंच करावा लागतो. एका नावाचे चार-चार बँड असतात, म्हणून देश आणि वर्ष एन्सायक्लोपीडिया मेटालम या साइटवर पडताळून घ्या. २००२ पासून चालू असलेली ही सूची मेटलपुरती भरवशाची आहे, नॉइज-ड्रोनसाठी डिस्कॉग्ज ही साइट बघा.

तीन अल्बम बाजूला काढा. प्रत्येकाचे तीन तुकडे ऐका: पहिल्या गाण्याचं पहिलं मिनिट, सगळ्यात लांब गाण्याचा मध्य, शेवटच्या गाण्याची शेवटची दोन मिनिटं. फक्त सुरुवात ऐकून निवडलं तर फसगत होते, कारण इथे वीस मिनिटांच्या रचनेची पहिली चार मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. आधी आलेलं एखादं सिंगल ऐकून ठरवणंही धोक्याचं: लेबल पुढे करतं ते सगळ्यात छोटं आणि सोपं गाणं. तिघांतला जो नीट कळला नाही पण परत ऐकावासा वाटला, तो घ्या. जो लगेच आवडला तो बहुधा आधीच ऐकलेल्या कशासारखा तरी असतो.

मग ऐकणं. एका आठवड्यात तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेनं.

पहिल्यांदा बसून, फोन पालथा, परीक्षण न वाचता. कुठे कंटाळा आला आणि कुठे दचकलात, एवढं टिपून ठेवा. दुसऱ्यांदा चालताना, सकाळी लवकर रंकाळ्याची फेरी चांगली, संध्याकाळी गाड्यांच्या आवाजात शांत भाग बुडतात आणि नकळत आवाज वाढवला जातो. कान उघडे ठेवता येतील अशीच वाट धरा, रस्ता ओलांडताना एक इअरफोन काढा. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. बँडकँपवर बऱ्याच गाण्यांखाली शब्द दिलेले असतात. ग्रोल (घशातून गुरगुरणं) आणि किंचाळणं यातले शब्द पहिल्या फटक्यात कळत नाहीत. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही नाही. गळ्याकडे आधी वाद्य म्हणून बघा: कुठे श्वास तुटतो, कुठे सूर खाली जातो.

ब्लास्ट बीट ऐकताना पुष्कळांचा गोंधळ होतो. स्नेअर आणि पायातला ड्रम इतक्या वेगानं आळीपाळीनं वाजतात की प्रत्येक ठोका मोजायला गेलं तर डोकं दुखतं. मोजू नका. वेगवान ड्रमवर गिटारचे स्वर बहुधा संथच बदलतात. त्या बदलांना धरून चाला. गती दिसते त्याच्या चौथाई वाटायला लागली की कान बसला.

तिसऱ्या वेळेनंतरही काही लागलं नाही तर अल्बम सोडा. सहा महिन्यांनी परत बघा किंवा बघू नका.

ब्लॅक मेटलच्या बाबतीत एक खबरदारी. त्यातला एक छोटा पण चिवट कोपरा उघड नाझी विचारांचा आहे, आणि मुखपृष्ठावरून ते कळेलच असं नाही. पैसे देण्याआधी बँडचं आणि लेबलचं नाव एकदा शोधून बघा.

पाचवी पायरी: पैसे देणं

बँडकँपवर ऐकणं फुकट आहे, पण ते १२८ केबीपीएसचं, म्हणजे हलक्या दर्जाचं. विकत घेतलं की फ्लॅक, वॅव्ह (दोन्हींत दर्जा घटत नाही), एमपी३ यांपैकी हवं ते मिळतं. डिजिटल विक्रीतले १५ टक्के बँडकँप ठेवतं (मोठ्या विक्रीवर १०), उरलेल्यातून पैसे पोचवण्याचा खर्च जाऊन बाकी बँडच्या किंवा लेबलच्या खात्यात. नॉइजवाल्यांच्या पन्नास-शंभर कॅसेटच्या आवृत्त्या अशाच विक्रीवर निघतात, तेव्हा महिन्याला एक अल्बम विकत घ्यावा असा आमचा आग्रह आहे. सात डॉलरचा अल्बम सहाशे रुपयांच्या पुढेमागे पडतो.

अडचण येते ती कार्डाला. यूपीआय इथे चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. सहकारी बँकेच्या रुपे डेबिट कार्डावर भिस्त ठेवू नका. नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच असतो, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, 'इंटरनॅशनल' मधलं फक्त 'ऑनलाइन' चालू करा, मर्यादा दोन हजारांवर ठेवा, खरेदी झाली की परत बंद. एटीएम आणि दुकानातलं परदेशी स्वाइप चालू करायची गरज नाही. व्यवहार नाकारला गेला तर दहादा तेच बटण दाबत बसू नका, बँक कार्ड अडवते. पेपाल आणि थेट कार्ड यांपैकी दुसरा मार्ग वापरून बघा. बहुतेक बँका परकीय चलनावर दोन ते साडेतीन टक्के वर लावतात, त्यावर जीएसटी. म्हणून दोन-दोन डॉलरची सुटी गाणी घेण्यापेक्षा अख्खा अल्बम घ्या.

'हवी ती किंमत द्या' असं लिहिलेलं असेल तर शून्य टाकूनही उतरवता येतं, कधीकधी ईमेल द्यावा लागतो. विद्यार्थ्यांनी बिनदिक्कत शून्य टाकावं. बँडनं तशी मुभा दिलेली आहे.

मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी बँडकँप आपला वाटा सोडतं. हे दर महिन्याला नसतं, तारखा आधी जाहीर होतात. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं मोजतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी दुपारी साडेबारा. त्यांच्या हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी उठून घाईनं खरेदी केली तर बँडला त्या सवलतीचा काही उपयोग होत नाही.

परदेशातून एलपी किंवा कॅसेट मागवण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. टपालखर्च बऱ्याचदा वस्तूच्या किमतीएवढा, वर सीमाशुल्क आणि जीएसटी, आणि पोस्टमननं दारात मागितलेली रक्कम ऐकून घरच्यांना उत्तर द्यायचं ते वेगळंच.

सहावी पायरी: फाइल ठेवणं

विकत घेतलं त्याच दिवशी उतरवून घ्या. लेबल बंद पडतं, बँड आपसांत भांडतो, पान निघून जातं. फोनसाठी एमपी३ ३२० पुरे: मिनिटाला २.४ एमबी. साठवणीसाठी फ्लॅक. साधा मेटल अल्बम, ४५ मिनिटांचा, फ्लॅकमध्ये तीनशे-साडेतीनशे एमबी होतो. नॉइजचा तेवढ्याच लांबीचा अल्बम मात्र साडेचारशेच्या जवळ जातो, आणि ती फाइल बिघडलेली नसते. फ्लॅक पुढचा आवाज काय असेल याचा अंदाज बांधून जागा वाचवतं. नॉइजमध्ये अंदाज बांधायला काही सापडत नाही, म्हणून आकार जवळपास न दाबलेल्या वॅव्हइतकाच राहतो. एमपी३ लाही तोच प्रकार जड जातो, त्यामुळे या एका बाबतीत १२८ आणि ३२० मधला फरक स्वस्त इअरफोनवरही कळतो.

फोल्डर असे: बँड, त्यात वर्ष आणि अल्बम. फोनवर म्युझिकोलेट, संगणकावर फूबार२०००. दोन्ही गॅपलेस नीट वाजवतात. एक प्रत पेनड्राइव्हवर नव्हे, हार्ड डिस्कवर.

प्रत्यक्ष ऐकायला जाताना

कोल्हापुरात अशा गिग क्वचितच. पुणे, मुंबई आणि बंगळुरू गाठावं लागतं. बरी गोष्ट ही की पुणे साधारण २३० किलोमीटरवर आणि बंगळुरू सहाशेच्या थोडं पुढे, दोन्ही एकाच महामार्गावर. २०१२ पासूनचा बँगलोर ओपन एअर हा महोत्सव मेटलचं ठरलेलं ठिकाण आहे; वर्षात एकच लांबचा प्रवास परवडत असेल तर तो करा, एका दिवसात सात-आठ बँड ऐकून होतात. मुंबईला मात्र परतीचं गणित आधी मांडा. महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथून रात्री साडेआठच्या सुमारास सुटते, तेव्हा मुख्य बँड स्टेजवर यायचाच असतो. मुक्कामाची सोय नसेल तर उशिराच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढा. बंगळुरूकडे जाणारी गाडी असेल तर ती गावात न शिरता तावडे हॉटेलपाशी पहाटे उतरवते, रिक्षाचं आधीच बोलून ठेवलेलं बरं.

इअरप्लग न विसरता. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे चालतात: दोन बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत घालून वीस-तीस सेकंद दाबून धरायचं, फुगू द्यायचं. नुसते कानाच्या तोंडाशी खोवले तर काही उपयोग नाही. त्यानं वरचे स्वर जास्त कापले जातात आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. हजार-दीड हजारांचे फिल्टरवाले संगीतकारांचे इअरप्लग हा दोष बराच कमी करतात. उभं राहायचं ते साउंड मिक्सरच्या टेबलाजवळ, स्पीकरच्या थप्पीपुढे नाही. ध्वनी जुळवणारा माणूस तिथून ऐकत असतो, म्हणून तिथेच सगळ्यात बरोबर ऐकू येतं. पुढे मॉशमध्ये (स्टेजपुढच्या धक्काबुक्कीच्या नाचात) घुसायचं असेल तर चष्मा, कडं आणि मोबाइल मित्राकडे द्या, आणि शेजारचा पडला तर आधी त्याला उचला. तिथे हा एकच नियम आहे आणि तो सगळे पाळतात.